मोठ्या खाद्य-पेय कंपनीतली मुलाखत: कोल्हापूरच्या मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

माझं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि आता एका मोठ्या शीतपेय कंपनीत क्वालिटीचं काम बघते. सुट्टीला गावी आले की अभ्यासिकेतली मुलं-मुली भेटायला येतात. कुणाची बीटेक झालेली असते, कुणाचा डिप्लोमा, कुणाचा आयटीआय. प्रश्न फिरून तेच असतात, म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून ठेवली आहेत. मी स्वतः पाच मुलाखती दिल्या आणि चार वेळा नकार घेतला. गेली तीन वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. खाली जे आहे ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

ताई, अर्ज करायचा कुठे? आपल्याकडे मोठ्या कंपन्या आहेत का?

आहेत, आणि आधी घराजवळचं बघा. गोकुळ दूध संघ 1963 पासून उभा आहे, वारणा आहे, त्याशिवाय जिल्ह्यातले साखर कारखाने. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागलची पंचतारांकित वसाहत इथे लहान-मोठे खाद्य उद्योग आहेत. त्यापुढे जायची तयारी असेल तर रांजणगावला ब्रिटानिया, बारामतीला फेरेरो, गोव्यात नेस्ले. पहिल्या नोकरीला नाव मोठं असण्यापेक्षा काम शिकवणारा वरिष्ठ मिळणं जास्त मोलाचं, हे माझं ठाम मत आहे.

अर्ज कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या करिअर पानावरून करा. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनी सरकारी अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव नोंदवाच. 1961 च्या कायद्यापासून ही सोय आहे आणि आपल्याकडची मुलं तिचा पुरेसा फायदा घेत नाहीत. एक वर्ष प्लान्टवर काढलेला मुलगा मुलाखतीत बसतो तोच वेगळा.

फेऱ्या किती असतात?

साधारण चार. एचआरचा फोन, मग ऑनलाइन गणित-तर्काची परीक्षा (ही सगळीकडे नसते), मग टेक्निकल, मग प्लान्ट हेड किंवा मॅनेजर. शेवटी मेडिकल आणि कागदपत्रांची तपासणी. ऑपरेटरच्या जागेला बऱ्याचदा एकाच दिवसात सगळं उरकतात. एचआरचा पहिला फोन हीसुद्धा मुलाखतच असते. एसटीत असाल, आवाज येत नसेल, तर "सर, अर्ध्या तासात मी फोन करू का?" असं सरळ विचारा. कुणी रागवत नाही.

"स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर नक्की काय सांगायचं?

आपली मुलं सगळ्यात जास्त इथेच घसरतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझी पहिली मुलाखत पुण्यात होती. नाव, शिक्षण, टक्के, आवड वाचनाची, असं सगळं पाठ करून गेले होते. समोरच्या सरांनी बायोडेटावर गावाचं नाव वाचलं आणि विचारलं, "घरी काय असतं?" मी म्हटलं, "शेती." "जनावरं?" मी म्हटलं, "आहेत थोडीफार," आणि विषय बदलला. घरी चार म्हशी होत्या. अकरावीपासून संध्याकाळची धार मी काढायचे, संस्थेत दूध मीच घालायचे. पण मुलाखतीत शेणामुताचा विषय नको, असं वाटलं. मग त्यांनी दुधाची आम्लता वाढते म्हणजे काय होतं ते विचारलं. मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. पाच मिनिटांत बाहेर आले.

ज्या मुलाखतीत निवड झाली तिथेही घरच्या जनावरांचाच विषय निघाला. या वेळी मी खरं सांगितलं. एका उन्हाळ्यात आमचं संध्याकाळचं दूध संस्थेतून ओळीने तीन दिवस नासकं म्हणून परत आलं. फॅट सहा-साडेसहा लागायची, दूध चांगलं, तरी नासायचं. आई म्हणाली, "म्हशीला दृष्ट लागली." आबांनी पेंड बदलली. चौथ्या दिवशी मी किटलीच्या झाकणाची दुमडलेली कडा नखाने खरवडली, तर आत पिवळट, बुळबुळीत थर निघाला. वरून घासून किटली चकचकीत दिसायची, पण त्या दुमडीत रोजचं दूध साचत होतं. मग धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी, ब्रश, आणि धुतल्यावर किटली-झाकण उन्हात पालथं. दूध परत येणं थांबलं.

एवढं सांगितल्यावर समोरच्या मॅडम पुढे झुकल्या. म्हणाल्या, "आमच्या पाइपलाइनमध्ये ही दुमड कुठे असते, सांगू शकशील?" मी म्हटलं, "जोडावरच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे गळती रोखणाऱ्या रिंगमध्ये असेल, आणि जिथे पाइप पुढे बंद होतो तिथे." त्यानंतरची वीस मिनिटं आम्ही फक्त स्वच्छतेवर बोललो. टक्के कुणी विचारले नाहीत.

म्हणून सांगते, घरचा गोठा, गुऱ्हाळ, पिठाची गिरणी, वडिलांचा वडापावचा गाडा, आईचा चटणी-मसाल्याचा बचत गट, जे असेल ते पहिल्या दोन मिनिटांत येऊ द्या. पण नुसतं "आमचं गुऱ्हाळ आहे" म्हणून थांबू नका. तिथे काय बिघडलं होतं आणि तुम्ही काय बघितलंत, ते सांगा.

माझ्याकडे अनुभवच नाही. घरचं गुऱ्हाळ आहे, पण ते कुठे चालणार?

चालतं. आमच्या ओळखीतला कागलकडचा एक मुलगा मिठाई-चॉकलेटच्या कंपनीत मुलाखतीला गेला होता. त्याला विचारलं, साखरेचा पाक झाला हे कसं ओळखायचं? त्याने गुऱ्हाळ डोळ्यांसमोर उभं केलं. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस तापायला लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती काढून टाकतात. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी होते का बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. "गुळव्याकडे थर्मामीटर नसतो, पण मी एकदा लावून बघितला, 118 अंशांच्या आसपास होता," हे शेवटचं वाक्य त्याला नोकरी देऊन गेलं असं मला वाटतं. पाकाचं तापमान वाढतं तसं पाणी कमी होतं आणि पदार्थ घट्ट होतो, हे त्याला पुस्तकाआधी घरात कळलं होतं. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. आपण त्याच मातीतले आहोत, हे सांगायला लाजू नका.

इंग्रजी फाडफाड येत नाही. जमेल का?

ऑपरेटर, टेक्निशियन, लॅब केमिस्ट या जागांना जमतं. पॅनेलवर बऱ्याचदा एक तरी मराठी माणूस असतो, नसला तर हिंदी चालते. सुरुवातीलाच विचारा, "सर, तांत्रिक उत्तर हिंदीत दिलं तर चालेल का?" अडखळत इंग्रजी बोलून अर्धं उत्तर देण्यापेक्षा हिंदीत पूर्ण उत्तर द्या.

पण एक मात्र नाकारून चालणार नाही. ईमेल, ऑडिटचे कागद, मशिनचं मॅन्युअल, सगळं इंग्रजीत असतं. मॅनेजमेंट ट्रेनीच्या जागेला आणि सेल्सच्या वरच्या जागांना इंग्रजी लागतंच. रोज एका पाकिटावरचा मजकूर मोठ्याने वाचा. खाद्य उद्योगातले निम्मे शब्द तिथेच सापडतात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, ॲलर्जीची सूचना असते, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 आकडी परवाना क्रमांक असतो, शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. मी मुलाखत घेताना कधी कधी टेबलावरचं बिस्किटाचं पाकीट पुढे करते आणि म्हणते, "यावरून मला काय काय सांगाल?" पाकिटावर छापलेलं असूनही तीन गोष्टींच्या पुढे फार थोडे जातात.

टेक्निकल फेरीत काय विचारतात?

जागेप्रमाणे बदलतं, पण काही प्रश्न हमखास येतात. पाठ करू नका, "का?" हा पुढचा प्रश्न येणार असं धरून तयारी करा.

पाश्चरायझेशन, म्हणजे दूध तापवून रोगजंतू मारणं: 72 अंश सेल्सिअस, 15 सेकंद. हे सगळे सांगतात. पुढचा प्रश्न असतो, तापमान 70 वर आलं तर? फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह फिरतो आणि दूध पुढे न जाता परत टाकीत येतं. मग, दूध नीट तापलं होतं हे नंतर कसं कळणार? फॉस्फेटेज या दुधातल्या एन्झाइमची टेस्ट. आणि हेच एन्झाइम का? कारण ते दुधातल्या रोगजंतूंपेक्षा उष्णतेला किंचित जास्त टिकतं. ते नष्ट झालं म्हणजे जंतू आधीच गेले. इथपर्यंत पोचलात तर समोरचा माणूस पेन खाली ठेवतो.

ब्रिक्स: 100 ग्रॅम द्रावणात विरघळलेल्या साखरेचे ग्रॅम. शीतपेयाच्या कंपनीत पुढचा सापळा असा, बाटलीतलं पेय थेट रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या उपकरणावर टाकाल का? नाही. आधी त्यातला गॅस घालवायचा, नाहीतर रीडिंग चुकतं. तापमानाचाही फरक पडतो.

सीआयपी, म्हणजे मशिन न उघडता आतून धुणं: पाणी, कॉस्टिक सोडा, पाणी, ॲसिड, पाणी. कॉस्टिक चरबी आणि प्रथिनं काढतं, ॲसिड क्षारांचा थर काढतं. वेळ, तापमान, द्रावणाची तीव्रता आणि प्रवाहाचा जोर, या चौघांपैकी एक कमी पडला तर दुसरा वाढवावा लागतो. ज्याने घरी तेलकट कढई घासली आहे त्याला हे चटकन समजतं.

हॅसॅप, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत: सात तत्त्वं येऊ द्यात. अमेरिकेत 1960 च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी ही पद्धत उभी राहिली, हे माहीत असलं तर बरं. पण विचारतील ते असं: "चहा करताना क्रिटिकल कंट्रोल पॉइंट कुठला?" म्हणजे धोका जिथे रोखलाच पाहिजे ती पायरी. दूध उकळणं, एवढं तुम्हाला तिथल्या तिथे सुचलं पाहिजे.

मेटल डिटेक्टर: दर तासाला टेस्ट पीस, म्हणजे धातूचा छोटा तुकडा बसवलेला नमुना, टाकून तपासतात. 11 वाजता तपासला तेव्हा चालला, 12 वाजता चालला नाही, तर काय कराल? "मशिन दुरुस्त करू" हे अर्धं उत्तर झालं. 11 ते 12 मधला सगळा माल बाजूला काढून चालू मशिनवर पुन्हा तपासायचा, हे पूर्ण.

गोदामाच्या जागेला असाल तर आधी आलेला माल आधी आणि आधी मुदत संपणारा माल आधी, या दोन्हीतला फरक विचारतात. खाद्य पदार्थात दुसरा नियम चालतो.

"रात्री दोन वाजता माल बिघडला तर काय कराल?" असं विचारलं. बरोबर उत्तर काय?

या प्रश्नासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

प्रश्न साधारण असा असतो. तुम्ही रात्रपाळीला लॅबमध्ये एकटे आहात. ब्रिक्स मर्यादेच्या खाली आला आहे. गाडी गेटवर उभी आहे. तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे सुपरवायझर म्हणतात, "एवढ्या-तेवढ्याने काय होतंय, सोड." काय कराल?

बहुतेक मुलं म्हणतात, "साहेबांना विचारीन." पण साहेबांना फोन लागेपर्यंत लाइन चालूच असते. काही जण छाती काढून म्हणतात, "मी लगेच लाइन बंद करीन." यात उपकरणच चुकलेलं असण्याची शक्यता विसरली जाते.

प्लान्टवरचा शहाणा माणूस काय करतो ते सांगते. आधी रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो का बघतो. नवा नमुना घेऊन पुन्हा मोजतो. तरी कमीच आला तर भरणं थांबवायला सांगतो. शेवटचं बरोबर रीडिंग कधीचं होतं ते रजिस्टरात बघून तिथपासूनचा सगळा माल होल्डवर टाकतो, पॅलेटवर टॅग लावतो. मग शिफ्ट इनचार्जला फोन. आणि हे सगळं ज्या वेळी झालं तीच वेळ रजिस्टरात लिहितो. सुपरवायझरांशी भांडायचं नाही. "काका, तुमचं खरं असेल, पण हा आकडा मी लिहिलाय, आता सकाळी मॅडम ठरवतील," एवढंच म्हणायचं. माझ्या पहिल्या रात्रपाळीला माझ्या वरिष्ठांनी मला हे वाक्य असंच्या असं शिकवलं होतं.

याचाच दुसरा प्रकार मला एका मुलाखतीत भेटला. समोरच्या सरांनी रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स पुढे सरकवली. कोल्ड रूमचं तापमान, दर दोन तासांनी एक नोंद, दिवसभराच्या बारा नोंदी. सगळीकडे 4.0. "काही दिसतंय?" मी आकडे पुन्हा पुन्हा वाचले. मर्यादेत होते. म्हटलं, "सगळं बरोबर आहे, सर." त्यांनी पान माझ्याकडे वळवून ठेवलं आणि गप्प राहिले. तेव्हा दिसलं. तीन पाळ्यांच्या नोंदी, पण अक्षर एकच, पेन एकच, ओळ कुठे हललेली नाही. दार उघडतं, माल आत-बाहेर होतो, तरी तापमान दशांशानेही बदललेलं नाही. कुणीतरी पाळी संपताना बसून पान भरून टाकलं होतं. मी तसं म्हटलं, पण उशिरा. ती जागा मला मिळाली नाही.

आता मी मुलाखत घेते तेव्हा असंच एक पान ठेवते. त्या पानावर लहान मुलाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूची हमी लिहिलेली असते. ज्याला खोटी नोंद टोचते, त्याला बाकीचं सगळं शिकवता येतं.

प्लान्ट दाखवायला नेतात तेव्हाही बघत असतात का?

हो, बारकाईने. हात धुवायच्या बेसिनपाशी तुम्ही किती वेळ थांबलात, टोपीत केस पूर्ण घातले का, पिवळ्या रेषेच्या आतून चाललात का. नखं कापलेली हवीत, नेलपॉलिश नको. घड्याळ, अंगठी, बांगड्या आत चालत नाहीत, कारण त्यातलं काहीही मालात पडू शकतं. दाढीवाल्यांना तोंडावर जाळी बांधावी लागते.

मनगटावरच्या दोऱ्याचं वेगळं सांगते. जोतिबाचा किंवा अंबाबाईचा दोरा बऱ्याच मुलांच्या हातात असतो. दारात "काढा" म्हटल्यावर काही जण वाद घालतात, काही जण गुपचूप बाही खाली ओढतात. बाही ओढणं सगळ्यात वाईट. दोरा भिजतो, कुजतो, त्याचे धागे सुटतात, म्हणून नियम आहे. घरातून निघतानाच तो सोडवून देवघरात ठेवा. माझ्या आईने माझा ठेवलाय.

आणि मावा. ज्या मुलाचे दात रंगलेले आहेत तो खाद्य पदार्थाच्या लाइनवर नको, असं कुठलाही प्लान्ट हेड म्हणणार. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी मावा गल्लोगल्ली मिळतो हे मला माहीत आहे. नोकरीसाठी सोडा, स्वतःसाठीही सोडा.

चव ओळखायची परीक्षा असते म्हणे?

क्वालिटी आणि आर अँड डी च्या जागांना असते. तीन कप ठेवतात, दोन एकाच पेयाचे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. मधे साध्या पाण्याने चूळ भरायची, घाई करायची नाही, पहिल्या घोटाला जे वाटलं त्यावर शक्यतो ठाम राहायचं. त्या दिवशी सकाळी मिसळ, तांबडा रस्सा, कडक चहा, तंबाखू काही नको. अत्तर लावून जाऊ नका. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणाऱ्यांची जीभ मुळात चांगली असते. तिला फक्त सकाळभर विश्रांती द्या.

सेल्सची मुलाखत वेगळी असते का?

बरीच. तिथे तुम्हाला एखाद्या दिवशी बाजारात घेऊन जातात. माझ्या चुलतभावाला लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरीत सकाळपासून चार वाजेपर्यंत फिरवलं, मग विचारलं, "काय बघितलंस?" त्याने लिहून काढलं होतं. किती दुकानांत कंपनीचा फ्रीज आहे, त्यातल्या किती फ्रीजमध्ये दुसऱ्याच कंपनीच्या बाटल्या ठेवल्यात, कुठे मुदत संपत आलेला माल मागे ढकलला गेलाय, दुकानदार कशाबद्दल कुरकुरतात. सगळ्यांत जास्त कुरकुर बदलून न मिळालेल्या मालाची होती, हे त्याने सरळ सांगितलं. निवड झाली.

कंपनी डिस्ट्रिब्युटरला विकते ती प्रायमरी आणि डिस्ट्रिब्युटर दुकानात विकतो ती सेकंडरी, हा फरक पक्का करा. दुचाकी आणि लायसन्स लागतंच. "हे पेन मला विका" असले प्रश्न आता कमी झालेत. "दुकानदार म्हणतो तुमचा माल खपत नाही, काय कराल?" हा येतो. आधी त्याचं ऐकून घेईन, हे सांगायला विसरू नका.

"लग्न कधी करणार?" असं मुलींना विचारतात. काय म्हणायचं?

मलाही विचारलं होतं. एका कंपनीत तर "गावाकडच्या मुली वर्षभरात लग्न करून जातात," असं तोंडावर म्हणाले. बाहेर येऊन मी जिन्यात बराच वेळ बसून राहिले होते. हा प्रश्न विचारणं चूकच आहे आणि चांगल्या कंपन्यांनी आता तो बंद केलाय. तरी आला तर आवाज न चढवता म्हणा, "सर, पुढची काही वर्षं मला याच कामात राहायचंय, पाळी कुठलीही चालेल." तेवढ्यावर विषय संपवा. पुन्हा पुन्हा तेच विचारलं तर ती जागा तुमच्या लायकीची नाही असं समजा.

रात्रपाळीबद्दल मात्र तुम्हीच विचारा. गाडी घरापर्यंत सोडते का, गाडीत गार्ड असतो का, पाळीत आणखी किती महिला असतात, कपडे बदलायची वेगळी खोली आहे का. असं विचारणारी मुलगी कटकटी वाटेल, ही भीती मनातून काढा. मला ती विचारी वाटते. आणि आई-वडील घाबरत असतील तर त्यांना एकदा गेटपर्यंत घेऊन जा. माझे आबा आले होते, कँटीनमध्ये चहा पिऊन गेले, मग रात्री त्यांना झोप लागायला लागली.

पगार किती सांगायचा? सीटीसी आणि हातात येणारे पैसे यात एवढा फरक का?

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. समजा पत्रावर तो वर्षाला 3,60,000 रुपये लिहिलाय. म्हणजे महिना 30,000. समजा त्यातलं बेसिक 15,000 आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 722 यातच धरलेले असतात. उरले 27,478. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 कापले की हातात 25,478. वार्षिक बोनस किंवा इन्सेंटिव्ह सीटीसीत मिसळलेला असेल तर दरमहा आणखी कमी. ज्यांचा पगार महिना 21,000 पर्यंत आहे त्यांचा ईएसआयही (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, पण त्यात घरच्यांचा दवाखाना निघतो, तो तोटा समजू नका.

आकडा विचारला तर खोली भाडं, जेवण आणि घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब आधी करून ठेवा आणि त्यावरून सांगा. "तुम्ही द्याल ते" असं म्हणू नका. कँटीन आणि बस मिळते का ते विचारा, दोन्ही मिळाले तर महिन्याकाठी मोठी बचत होते.

कंपनी रोल आणि कॉन्ट्रॅक्ट कसं ओळखायचं?

ऑफर लेटरवर कुणाचं नाव आहे ते बघा. प्लान्ट मोठ्या कंपनीचा आणि पत्र एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या फर्मचं, तर तुम्ही त्या फर्मचे कर्मचारी. वाईटच असतं असं नाही, पण पीएफ क्रमांक, सुट्ट्या आणि कायम होण्याची शक्यता हे तिघं लेखी विचारून घ्या.

नोकरीसाठी पाच हजार डिपॉझिट मागतायत. भरू का?

नाही. युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे, गेटपासचे, कशाचेच भरू नका. खरी कंपनी नोकरी देताना पैसे घेत नाही. व्हॉट्सॲपवर कंपनीचा लोगो लावलेलं पत्र कुणीही बनवू शकतं. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

मेडिकलमध्ये काय बघतात?

त्वचेचे आजार, क्षय, डोळे, रंग ओळखता येतात का. अन्न हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी लागते आणि विषमज्वरासारख्या आजारांवरची लस घ्यावी लागते, हे अन्नसुरक्षेच्या नियमांतच आहे. तपासणीच्या दिवशी जुलाब किंवा ताप असेल तर लपवू नका, तारीख पुढे मागा. कामावर लागल्यावरही हाच नियम पाळायचाय.

सकाळी नऊला पुण्यात मुलाखत आहे. पहाटे निघालं तर पोचेन का?

अंतर 230 किलोमीटरच्या आसपास आहे, पण हायवेचा भरवसा धरू नका. आदल्या दिवशी दुपारीच सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, गाडी धरा आणि नातेवाइकांकडे मुक्काम करा. रांजणगाव किंवा चाकण असेल तर पुण्यातून पुढे आणखी दीड-दोन तास धरा. मूळ प्रमाणपत्रं आणि झेरॉक्सचे दोन संच प्लास्टिकच्या फाइलमध्ये, पावसाळ्यात तर नक्कीच. बंद बूट घाला. प्लान्टमध्ये सँडलवर आत सोडत नाहीत आणि लांबून येऊन दारातून परतावं लागलं तर फार वाईट वाटतं.

नकार आला. त्याच कंपनीत परत अर्ज केला तर चालतो का?

चालतो, बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. नकाराचं कारण विचारणारा साधा, दोन ओळींचा मेल पाठवा. दहातल्या आठ जणांकडून उत्तर येणार नाही, दोघांकडून येईल. मला असं एक उत्तर आलं होतं, "तुमचं वाचन चांगलं आहे, पण प्लान्ट पाहिलेला दिसत नाही." मी मग चार महिने एका छोट्या दूध डेअरीत बिनपगारी काम केलं. पहाटे पाचला कॅन उतरवून घेणं, दूध हुंगणं, नमुने घेणं.

आता जिथे नोकरी करते ती तीच कंपनी. दुसऱ्यांदा गेले तेव्हा पॅनेलवर पहिल्या वेळचे सरही होते. त्यांनी बायोडेटा उघडलाही नाही. म्हणाले, "मागच्या वेळी म्हणालात, जनावरं थोडीफार. थोडीफार म्हणजे किती?" मी म्हटलं, "चार म्हशी, सर. एक आता गाभण आहे." मग शेजारच्या मॅडमनी विचारलं, "दूध कधी नासलं होतं का?" आणि मी किटलीच्या झाकणाचं सांगायला सुरुवात केली.